समुपदेशनाचं उद्दिष्ट लिहायचं कसं, म्हणजे एप्रिलमध्ये ते मोजता येईल

तीन वर्षांमागं तपासणीला आलेल्या एका बाईंनी माझी समुपदेशनाची फाईल उघडली. व्याख्यानं ९, वैयक्तिक भेटी ११२, पालक मेळावे ४, आणि फोटो तर विचारूच नका, एका फोटोत मी फळ्याकडं हात करून उभा न् मागच्या बाकावर दोन पोरं गाढ झोपलेली. बाईंनी फाईल मिटली आणि एवढंच विचारलं, "सर, तुम्ही काय केलं ते कळलं. लेकरांचं काय झालं?" मला सांगताच येईना. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे व मानसिक आरोग्य सक्षम करणे'. आता सर्वांगीण विकास झाला का नाही हे कोणत्या रजिस्टरात बघायचं?

मी मूळचा विज्ञानाचा मास्तर. शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून लेकरं येतात. समुपदेशनाचं एक छोटं ट्रेनिंग झालेलं होतं म्हणून चार्ज माझ्या गळ्यात पडला. त्यामुळं हे जे लिहायलोय ते पूर्णवेळ समुपदेशक असलेल्या शहरी शाळांसाठी नाही, ज्यांना आठवड्याला दोन-तीन तासिका मिळतात आणि उरलेला जीव ऑनलाईन माहिती भरण्यात जातो त्यांच्यासाठी आहे.

ध्येय वेगळं, उद्दिष्ट वेगळं

तुळजापूरला पायी निघालं तर देवीपर्यंत पोचायचं हे ध्येय, आणि आज रात्रीचा मुक्काम कुठं, किती वाजेपर्यंत, हे उद्दिष्ट. 'आपल्या शाळेतलं एकही लेकरू मधेच शाळा सोडणार नाही' हे ध्येय झालं. ते लिहावंच, पण ते मोजायचं नसतं, ते दिशा दाखवायला असतं. मोजायचं ते त्याखालचं वाक्य, यंदा, या वर्गात, एवढ्या लेकरांचं एवढं.

ट्रेनिंगमध्ये 'स्मार्ट' (SMART) शिकवतात ते तुम्हाला माहीतच असेल, नेमकं, मोजता येणारं, वेळेत होणारं वगैरे. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन नावाच्या माणसानं कंपन्यांच्या मॅनेजर लोकांसाठी एका मासिकात ते मांडलं होतं, तिथून फिरत फिरत आपल्या शाळेत आलं. वाईट नाही, पण ती पाच अक्षरं पाठ असूनही माझं वाक्य काही सुधारलं नव्हतं, कारण कोणतं रजिस्टर उघडायचं हे ती अक्षरं सांगत नाहीत. मी आता वहीत सरळ पाच खण पाडतो: कोणती लेकरं, त्यांच्यात काय बदलणार, कितीवरून किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कशावरून कळणार. पाचातला एक जरी खण रिकामा राहिला तर वाक्य कच्चं.

पहिली पायरी: वाक्य नंतर, हजेरीपट आधी

बहुतेक जण आधी विषय ठरवतात. यंदा मोबाईलचं व्यसन, पुढच्या वर्षी व्यक्तिमत्त्व विकास. कामून? तर कुणीतरी पीपीटी पाठवलेली असते. तसं करू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक दुपार काढा आणि हजेरीपट, पहिल्या घटक चाचणीचे मार्क, मागच्या जूनमध्ये किती लेकरं पटावर होती न् किती कमी झाली, एवढंच घेऊन बसा. नवीन सर्व्हे काढायचा नाही, जी नोंद शाळेत आधीच होते तीच वापरायची, नाहीतर दिवाळीनंतर तुमचा सर्व्हे तुम्हीच विसरणार.

माझं गणित दाखवतो, आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. समजा नववीचा पट ५८. जुलै ते सप्टेंबर शाळेचे कामाचे दिवस ६८. त्याचे ७५ टक्के म्हणजे ५१ दिवस. तर ५१ पेक्षा कमी दिवस आलेली लेकरं लाल पेनानं काढली, निघाली १३. झालं, तुमचं काम ५८ लेकरांवरून १३ वर आलं, आणि हे कळायला तासभर सुद्धा लागत नाही.

दुसरी पायरी: कारण विचारा, आणि त्याच्या वाटण्या करा

या तेरा जणांना एकेक करून बोलवा, पण ऑफिसात नको आणि "का येत नाहीस रे" असं पण नको. मी मधल्या सुट्टीत झाडाखाली बसतो न् विचारतो, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, सांग." त्या एका प्रश्नात सगळं निघतं. एक पोरगी म्हणाली, उठले, पाणी आणलं, आज्जीला गोळी दिली, भाकरी केल्या, भावाचं आवरलं, मग एसटी गेली होती. मायबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायच्या आधीपासूनच घर तिच्यावर आलेलं. तिला वेळेच्या नियोजनावर व्याख्यान द्यायचं का आता?

तर समजा तेरातल्या ४ जणांचे मायबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणार आहेत, ४ मुलींची अडचण एसटीची आहे, आणि ५ जण असे आहेत की त्यांना वर्गात काही समजेना, उभं केलं की सगळे हसतात, म्हणून ते गावातून निघतात पण शाळेत पोचत नाहीत. हे तीन ढीग वेगळे ठेवा. एसटीचं काम समुपदेशनाचं नाही, मुख्याध्यापकांच्या सहीनं आगारात पत्र द्यायचं आणि पाठपुरावा करायचा. ऊसतोडवाल्यांसाठी हंगामी वसतिगृह किंवा गावातच राहायची सोय, मायबापांशी बोलणं, आणि लेकरू सोबत गेलंच तर शिक्षण हमी कार्ड देऊन तिकडच्या शाळेत बसवणं, हे वेगळं उद्दिष्ट होईल आणि त्याची वेळ पण वेगळी, ते टोळी निघायच्या आधी झालं पाहिजे, नंतर गावात बोलायला कुणी नसतं. राहिले ते ५ जण, समुपदेशनाच्या तासिकेनं ज्यांच्यात फरक पडू शकतो ते हे. इथं लोक चुकतात, जे आपल्या हातात नाही त्याचं उद्दिष्ट लिहितात आणि वर्षाअखेर स्वतःलाच नापास करून घेतात.

तिसरी पायरी: सुरुवातीचा आकडा, आणि आपल्याकडचा एक चकवा

सुरुवातीचा आकडा म्हणजे आज काय स्थिती आहे ते. तो नसेल तर 'हजेरी वाढली' या वाक्याला अर्थ नाही, कितीवरून वाढली?

पण मराठवाड्यात यात एक मोठा चकवा आहे आणि कोणत्याही ट्रेनिंगमध्ये मी तो ऐकलेला नाही. आपल्याकडं महिन्यामहिन्याची हजेरी सारखी नसते. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, पुढं कापूस वेचणी, त्यातच टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात कारखाने बंद झाले की परत येतात. तुम्ही सप्टेंबरची तुलना नोव्हेंबरशी केली तर तुमचं समुपदेशन कितीबी भारी असो, हजेरी पडलेलीच दिसणार. आणि नोव्हेंबरची तुलना जानेवारीशी केली तर तुम्ही काही न करता वाढलेली दिसणार, कारण वेचणी उरकत आलेली. म्हणून तुलना करायची ती त्याच लेकरांच्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी. मी त्या ५ जणांचा आठवीचा हजेरीपट कपाटातून काढला (उंदरानं कोपरा खाल्लेला, पण वाचता आला) आणि डिसेंबर ते फेब्रुवारीची हजेरी काढली. सुरुवातीचा आकडा तो.

दुसरा चकवा यापेक्षा वाईट. समजा २० जणांतले ४ जण ऊसतोडीला निघून गेले आणि तुम्ही उरलेल्या १६ जणांची टक्केवारी काढली, तर टक्केवारी मस्त वाढते! सगळ्यात कमी येणारी लेकरंच बेरजेतून गेली ना. कागद सुधारला आणि लेकरू उसाच्या फडात. यावर उपाय एकच, १ ऑक्टोबरला यादी फिक्स करायची आणि वर्षाअखेर त्याच यादीला भागायचं. जो गेला त्याच्या नावापुढं 'गेला, कुठं, कधी' लिहायचं, पण नाव काढायचं नाही.

आणि टक्क्यांचं एक. ६१ वरून ७५ टक्के झालं तर लोक लिहितात 'हजेरीत १४ टक्के वाढ'. खरं तर ६१ च्या मानानं ती वाढ जवळपास २३ टक्के होते. वाद नको म्हणून सरळ '६१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर' असं लिहा. लेकरं दहापेक्षा कमी असतील तर टक्केच नको, '५ पैकी ३' लिहा. पाच जणांचे साठ टक्के म्हणजे उगं मोठेपणा.

आता वाक्य

वर जे खण सांगितले ते भरून माझं वाक्य असं झालं होतं:

'इयत्ता नववीतील, वर्गात समजत नाही या कारणाने गैरहजर राहणाऱ्या ५ विद्यार्थ्यांपैकी किमान ३ विद्यार्थ्यांची हजेरी १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात ७५ टक्के किंवा अधिक होईल. मागील वर्षी याच काळात पाचपैकी एकाचीही हजेरी ७५ टक्के नव्हती. पडताळणी वर्ग हजेरीपटावरून.'

याच्याखाली दोन ओळी आपण काय करणार त्याच्या. दर बुधवारी शेवटच्या तासिकेला ५ जणांचा गट, एकूण ८ बैठका, गणित आणि इंग्रजीच्या सरांशी बोलून महिनाभर त्यांना वर्गात उभं करून विचारायचं नाही, आणि प्रत्येकाला सकाळी घरून सोबत आणणारा एक जोडीदार. बस. हे उपक्रम झाले, यांना उद्दिष्टात घुसडू नका. '८ बैठका घेणे' हे उद्दिष्ट नाहीच, आठ बैठका घेऊनही एकाचंही काही बदललं नाही असं होऊ शकतं, माझं झालेलं आहे.

किती धरायचं, ३ का ५? पाचपैकी पाच लिहायचा मोह होतो, मुख्याध्यापकांना पण ते आवडतं. पण आठवड्याला एक तासिका हातात असताना ३ सुद्धा जड आहे. आणि १ धरलं तर ते काहीच न करता होईल. जो आकडा लिहिल्यावर थोडी भीती वाटते पण झोप उडत नाही, तो धरा.

मोजायचं तीन ठिकाणी

अमेरिकेत शाळेतल्या समुपदेशकांची जी संघटना आहे तिनं २००३ मध्ये एक नॅशनल मॉडेल काढलं. त्यातली एक गोष्ट मला लई कामाची वाटली. ते लोक आकडे तीन ढिगांत टाकायचे: आपण किती काम केलं, लेकरांना काय कळलं न् काय वाटलं, आणि शेवटी प्रत्यक्ष काय बदललं. (तिथं २५० लेकरांमागं एक समुपदेशक असावा अशी त्याच संघटनेची शिफारस आहे. ते वाचून मी फाईल बाजूला ठेवून चहा पिऊन आलो.) माझी तीन वर्षांमागची फाईल पूर्ण पहिल्या ढिगात होती. तुमचीपण बघा एकदा.

मधला ढीग म्हणजे आधी आणि नंतर विचारायचे प्रश्न. यात 'तुम्हाला कार्यक्रम आवडला का' हा प्रश्न फेकून द्या, आपल्या लेकरांना सरांनी विचारलं तर सगळंच आवडतं. 'वेळापत्रक महत्त्वाचे आहे का, हो / नाही' हा पण फेका. त्याऐवजी असं विचारा: 'येत्या रविवारी तू कोणत्या विषयाचा कोणता धडा किती वाजता करणार ते लिही.' लिहिता आलं का नाही आलं, मोजून टाका. पहिल्या दिवशी २२ पैकी ४ जणांना लिहिता आलं आणि चौथ्या तासिकेनंतर १५ जणांना, तर ते दाखवण्यासारखं आहे.

दहावीच्या परीक्षेच्या भीतीसाठी पण हेच चालतं. पाच साधी वाक्यं, 'पेपर हातात आला की वाचलेलं आठवत नाही', 'परीक्षेच्या विचारानं झोप लागत नाही' अशी, आणि प्रत्येकापुढं १ ते ५ पैकी एका आकड्याला गोल. पूर्वपरीक्षेच्या आधी एकदा आणि तासिका संपल्यावर एकदा. नाव नाही, स्वतःच ठरवलेलं एखादं चिन्ह, म्हणजे आधीचा न् नंतरचा कागद जुळवता येतो. इंटरनेटवरून डिप्रेशनच्या मोठ्या चाचण्या उतरवून वर्गात वाटू नका, त्या वाचायला शिकलेला माणूस लागतो, आणि एखाद्या लेकरानं त्यात 'मरावंसं वाटतं' याला गोल केला आणि तुम्ही तो कागद पंधरा दिवसांनी बघितला तर काय करणार? लेकरू खचलेलं दिसलं तर आकडेमोड बाजूला, त्याच दिवशी घरच्यांशी बोला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, जिल्हा रुग्णालयात न्या.

करिअरचं उद्दिष्ट

याला जास्त वेळ नको. आमच्याकडं दहावीतल्या पोराला विचारलं, पुढं काय, तर "लातूरला जाणार, नीट करणार". पुढं विचारलं, नाही लागला नंबर तर? गप्प. म्हणून आमचं उद्दिष्ट असं आहे: 'जानेवारीअखेर दहावीच्या ४६ पैकी ३५ विद्यार्थी स्वतःसाठी किमान २ पर्याय, त्याची पात्रता, किती वर्षांचा कोर्स आणि जवळचं कॉलेज कुठं, हे न बघता लिहू शकतील.' सप्टेंबरात हेच लिहून घेतलं तेव्हा ६ जणांना जमलं होतं. दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षांचं असतं, आयटीआय ट्रेडप्रमाणे एक किंवा दोन वर्षांचं, एवढं सुद्धा माहीत नसतं हो, मायबापाला तर नसतंच.

जिथं आकडा कमी करणं हेच चुकीचं

हा भाग घाईत वाचू नका. 'विद्यार्थिनींच्या छेडछाडीच्या तक्रारी ५० टक्क्यांनी कमी करणे' असं उद्दिष्ट मी एका शाळेच्या फाईलमध्ये बघितलंय. कमी कशा होतात तक्रारी? एक तर छेडछाड थांबते, नाहीतर पोरी बोलायचं थांबवतात, आणि दुसरं लई सोपं आहे. तुम्ही मनापासून काम केलं तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात, कारण पोरींना वाटतं आता कुणी ऐकून घेईल. मग उद्दिष्ट असं ठेवा: 'आठवी ते दहावीतील प्रत्येक मुलीला तक्रार कुणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं व १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर सांगता येईल' आणि 'आलेल्या प्रत्येक तक्रारीवर ३ दिवसांच्या आत काय केलं त्याची नोंद होईल'. तक्रारींची संख्या नुसती नोंदवा, तिला टार्गेट लावू नका. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर मात्र तीन दिवस सुद्धा नाहीत, २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची बदनामी, गावातली माणसं, हे काही मधे आणायचं नाही.

बालविवाहाचं तसंच. 'बालविवाह शून्य' लिहिलं की लपवाछपवी सुरू, पोरगी 'मामाच्या गावाला गेली' म्हणून दाखला निघतो. आम्ही मोजतो ते असं: मार्चमध्ये आठवीत असलेल्या मुलींची यादी आणि ३० जूनला त्यातल्या किती जणी नववीच्या वर्गात, आपल्या किंवा दुसऱ्या शाळेत, प्रत्यक्ष बसलेल्या आहेत. दुसऱ्या शाळेत असली तर तिथल्या सरांना फोन लावून खात्री करायची. जी सापडत नाही तिच्या घरी दोघा शिक्षकांनी जायचं आणि लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकांना सांगायचं, २००६ च्या कायद्याखाली गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत. किंवा १०९८ ला फोन.

फाईलमध्ये नावं घालू नका. मी क-१, क-२ असे कोड टाकतो आणि कोणता कोड कुणाचा ती चिठ्ठी कुलुपाच्या कपाटात. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'समुपदेशनाची गरज असलेले विद्यार्थी' अशी यादी टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्यापुढं हात जोडतो.

मधे दोनदा बघायचं

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि जानेवारीच्या शेवटी एकदा, अर्धा तास. आकडा हलला का? नसेल हलला तर उपक्रम बदला, आकडा बदलू नका. पहिल्या वर्षी डिसेंबर संपला तरी माझ्या पाचातला एकच येत होता. मग कळलं की बुधवारची शेवटची तासिका हीच अडचण, शेवटच्या तासाला थांबलं की तांड्यावर जायची जीप निघून जायची. तासिका मधल्या सुट्टीला लागून घेतली.

रिपोर्ट एका पानाचा करा. वर उद्दिष्टाचं वाक्य जसंच्या तसं, खाली सुरुवातीचा आकडा, आत्ताचा आकडा, आणि काय जमलं नाही त्याच्या चार ओळी. फोटो एकच, तोबी लेकरांचे चेहरे न दिसणारा.

माझ्या त्या रिपोर्टात उद्दिष्ट ३ आणि झाले २ असं होतं. तिसऱ्याची हजेरी ७१ टक्क्यांवर अडकली. मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक-दोन दिवसांचा तर सवाल आहे, ३ करून टाका की." मी २ च ठेवले आणि खाली लिहिलं, क-४, जानेवारीत ९ दिवस गैरहजर, वडिलांचा कारखान्यावर अपघात, दवाखान्यात सोबत होता. यंदाच्या यादीत क-४ चं नाव दहावीच्या पानावर आहे, आणि यंदाच्या वाक्यात मी अजून '५ पैकी ३' च लिहिलंय.